अग्निज खडकांची निर्मिती

पृथ्वीच्या कवचात किंवा कवचाखालील प्रावरणात तयार झालेला तप्त, वितळलेला शिलारस निवून घन झाल्याने जे खडक बनतात, त्यांना अग्निज खडक म्हणतात. हाच शिलारस भूपृष्ठावर येऊन वाहू लागला म्हणजे त्यास लाव्हा हे नाव मिळते. गाळाच्या व रूपांतरित खडकांतील द्रव्यही मुळात बहुतांशी अग्निज खडकांपासूनच आलेले असल्यामुळे अग्निज खडकांना आद्य वा प्राथमिक खडक असेही म्हणतात. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग बेसाल्ट या अग्निज खडकाने व्यापलेला आहे. तेव्हा शिलारस कोठे तयार होतो, तो कसा निवतो आणि एकाच शिलारसापासून निरनिराळे खडक कसे बनतात, हे प्रश्न येथील विहिरींचे पाणी, धरणांचे पाये, बोगदे आणि लेणी यांच्याशी थेट निगडित आहेत.

कल्पनेचा विकास : बेसाल्ट व ग्रॅनाइट हे खडक वितळलेल्या द्रव्यापासून बनले, ही गोष्ट आज उघड वाटत असली तरी अठराव्या शतकाच्या अखेरीस ती अत्यंत वादग्रस्त होती. जर्मनीतील फ्रायबर्ग येथील खनिविद्येचे अध्यापक आब्राहाम गोटलोप व्हेर्नर (१७४९–१८१७) व त्यांचे अनुयायी हे खडक आद्य महासागराच्या पाण्यातून निक्षेपित झाले, असे मानीत. ज्वालामुखींचे उद्रेक म्हणजे जमिनीखालील कोळशाचे थर पेटल्याने घडणाऱ्या स्थानिक घटना होत, असे त्यांचे मत होते. याउलट फ्रान्समधील ओव्हेर्न्य भागात नीकॉला देमारे यांनी स्तंभाकार बेसाल्टाचा थेट विझलेल्या ज्वालामुखीपर्यंत माग काढला. स्कॉटलंडमधील ग्लेन टिल्ट या दरीत १७८५ साली जेम्स हटन यांना ग्रॅनाइटाचे फाटे भोवतालच्या जुन्या खडकांत शिरलेले आढळले. ग्रॅनाइट आधी निक्षेपित झाला असता, तर तो नंतरच्या खडकांत अशा रीतीने घुसणे शक्य नव्हते. तेव्हा तो नंतरचा व द्रवरूपात शिरलेला असला पाहिजे, हे उघड झाले.

यावर एक आक्षेप शिल्लक होता. वितळलेला खडक निवला तर काच बनावयास हवी, स्फटिकमय पाषाण नव्हे. सर जेम्स हॉल यांनी १७९८ साली बेसाल्टासारखा खडक भट्टीत वितळवून या आक्षेपाचे निरसन केले. रस चटकन निवविला असता काच मिळाली. तोच रस सावकाश निवू दिला असता मूळ खडकासारखा स्फटिकमय पाषाण तयार झाला. खडकाचे स्वरूप केवळ त्याच्या द्रव्यावर नव्हे, तर त्याच्या निवण्याच्या वेगावरही अवलंबून असते, हे महत्त्वाचे तत्त्व या प्रयोगाने प्रस्थापित केले.

शिलारसाचे स्वरूप : शिलारस म्हणजे निव्वळ द्रव नव्हे. त्यात सिलिकेटांचा वितळलेला रस, त्यात तरंगणारे घन स्फटिक आणि विरघळलेले वायू अशी तीन अंगे असतात. वायूंमध्ये पाण्याची वाफ प्रमुख असून तिच्याखालोखाल कार्बन डाय-ऑक्साइड व गंधकयुक्त वायू असतात. शिलारसाचे रासायनिक संघटन मुख्यतः त्यातील सिलिकेच्या प्रमाणावरून ठरवितात. सिलिकेचे अणुगट एकमेकांस जोडले जाऊन साखळ्या व जाळी बनत असल्यामुळे सिलिका जितकी अधिक, तितका रस अधिक दाट, म्हणजे त्याची श्यानता अधिक असते. बेसाल्टी लाव्हाचे तापमान सु. १,१००° ते १,२००° से. असते आणि तो सहज वाहून दूरवर पसरतो. रायोलाइटी लाव्हाचे तापमान सु. ७००° ते ९००° से. एवढेच असून त्याची श्यानता बेसाल्टी लाव्हाच्या लक्षावधी पट असू शकते. त्यामुळे तो मुखाशीच साचून राहतो आणि त्यात कोंडलेले वायू स्फोटक उद्रेक घडवितात.

शिलारसाची उत्पत्ती : कवचाखाली सर्वत्र वितळलेल्या द्रव्याचा सागर आहे, हा समज चुकीचा आहे. भूकंपाच्या अवतरंगांना द्रवातून जाता येत नाही, पण ते प्रावरणातून जातात. यावरून प्रावरण जवळजवळ पूर्णपणे घन आहे, हे सिद्ध होते. तेथील तापमान मात्र फार उच्च असते. असे असूनही खडक वितळत नाही, याचे कारण वरील खडकांचा दाब होय. दाबाबरोबर वितळबिंदू वाढतो. प्रावरणातील पेरिडोटाइट हा खडक भूपृष्ठावरील दाबाखाली सु. १,१००° से.ला वितळू लागतो, तर १०० किमी. खोलीवर त्यास १,४००° से.हून अधिक तापमान लागते. म्हणून शिलारस निर्माण होण्यास पुढील तीनपैकी एखादे कारण घडावे लागते.

(१) दाब कमी होणे : तप्त, पण घन असलेले प्रावरणातील खडक अत्यंत मंद गतीने वर सरकू लागले म्हणजे त्यांची उष्णता फारशी कमी होत नाही, दाब मात्र झपाट्याने उतरतो आणि ते अंशतः वितळतात. मध्य महासागरी पर्वतरांगांखाली भूपट्ट एकमेकांपासून दूर जात असल्याने तेथे हीच क्रिया चालू असते. महासागरांचा सर्व बेसाल्टी तळ अशा रीतीने बनलेला आहे. (२) पाण्याचा प्रवेश : एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो तेव्हा त्यातील जलयुक्त खनिजांमधून पाणी बाहेर पडते व वरच्या प्रावरणात मुरते. पाण्यामुळे वितळबिंदू शेकडो अंशांनी खाली येतो. पॅसिफिक महासागराच्या कडेवरील ज्वालामुखींची साखळी, तसेच अंदमानातील बॅरन बेट हे याचे परिणाम होत. हिमालयापलीकडील लडाखचा ग्रॅनाइटी बॅथोलिथही टेथिस महासागराचा तळ आशियाखाली जात असताना याच प्रकारे तयार झाला. (३) उष्णता वाढणे : प्रावरणातून आलेला तप्त बेसाल्टी रस खंडीय कवचाच्या तळाशी साचला, तर त्याच्या उष्णतेने कवचातील खडक वितळून सिलिकायुक्त शिलारस निर्माण होतो.

या तिन्ही प्रकारांत खडक क्वचितच पूर्ण वितळतो. ज्या घटकांचा वितळबिंदू नीच, ते प्रथम रसात येतात व उरलेले घनच राहतात. यास आंशिक वितळण म्हणतात. त्यामुळे निघणारा रस मूळ खडकापेक्षा सिलिकेने अधिक समृद्ध असतो. पेरिडोटाइटापासून पेरिडोटाइटी रस न मिळता बेसाल्टी रस मिळतो, तो यामुळेच. हा रस प्रथम कणांच्या सांध्यांतून पाझरतो, एकत्र येतो आणि भोवतालच्या खडकांपेक्षा हलका असल्याने भेगांमधून वर चढतो. वाटेत कवचात तो साचून राहतो. असा साठा म्हणजे रसाने भरलेली पोकळी नसून बहुतांश स्फटिकांचा लगदा व त्याच्या फटींतील थोडा रस असे त्याचे स्वरूप असते, असे आज मानले जाते. तथापि निव्वळ रसाचे लहानसे साठेही असतात. आइसलँडमधील क्राफ्ला येथे २००९ साली भूऔष्णिक ऊर्जेसाठी खोदलेले छिद्र सु. २.१ किमी. खोलीवर अनपेक्षितपणे रायोलाइटी शिलारसात शिरले, हे याचे प्रत्यक्ष उदाहरण आहे.

स्फटिकीभवनाचा क्रम : शुद्ध पाणी एका विशिष्ट तापमानास गोठते, शिलारस मात्र काही शेकडो अंशांच्या टप्प्यात हळूहळू घन होतो. त्यातील खनिजे ठराविक क्रमाने स्फटिकरूप घेतात. हा क्रम अमेरिकेतील वॉशिंग्टन येथील कार्नेगी संस्थेच्या भूभौतिकीय प्रयोगशाळेत कॅनेडियन शिलावैज्ञानिक नॉर्मन लेव्ही बोएन (१८८७–१९५६) यांनी प्रयोगांनी निश्चित केला. आपले निष्कर्ष त्यांनी १९२८ साली ग्रंथरूपाने मांडले. त्यांच्या मते या क्रमाच्या दोन शाखा आहेत. पहिल्या शाखेत लोह व मॅग्नेशियम यांनी युक्त अशी ऑलिव्हीन, पायरोक्सीन, अँफिबोल व कृष्णाभ्रक ही खनिजे एकापाठोपाठ येतात. आधी बनलेले खनिज उरलेल्या रसाशी विक्रिया करून पुढच्या खनिजात बदलत जाते. दुसऱ्या शाखेत प्लॅजिओक्लेज फेल्स्पार हे एकच खनिज असते, पण ते प्रारंभी कॅल्शियमयुक्त असून तापमान उतरेल तसे सोडियमयुक्त होत जाते. अखेरीस पोटॅशियम फेल्स्पार, शुभ्र अभ्रक व क्वॉर्ट्झ ही खनिजे येतात.

भिन्नीभवन : वरील विक्रिया पूर्ण झाल्या, तर आरंभीच्या रसाच्या संघटनाचाच खडक शेवटी मिळेल. परंतु आधी बनलेले जड स्फटिक तळाशी बसले किंवा अन्य कारणाने रसापासून वेगळे झाले, तर उरलेल्या रसाचे संघटन बदलते. एकाच रसापासून अशा रीतीने भिन्न खडक निर्माण होण्यास शिलारसाचे भिन्नीभवन म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतील बुशवेल्ड या प्रचंड अग्निज राशीत स्फटिकांचे असे थर शेकडो किलोमीटरपर्यंत आढळतात. क्रोमाइट व प्लॅटिनम यांचे जगातील सर्वांत मोठे साठे याच थरांत आहेत. हवाई बेटांतील किलाउएआ ईकी येथे १९५९ च्या उद्रेकात लाव्हाचे एक खोल तळे साचले. त्याच्या घट्ट झालेल्या पृष्ठातून १९६० पासून १९८८ पर्यंत वेळोवेळी छिद्रे पाडून निरनिराळ्या तापमानांचे नमुने घेण्यात आले. रस उतरत्या तापमानाबरोबर कसा बदलतो, हे त्यावरून प्रत्यक्ष पाहता आले.

बोएन यांच्या सिद्धांताने सर्व प्रश्न मात्र सुटले नाहीत. बेसाल्टी रसाचे भिन्नीभवन होऊन शेवटी उरणारा ग्रॅनाइटी रस मूळ रसाच्या अल्पांशाएवढाच असतो. मग खंडांवर हजारो चौरस किलोमीटर पसरलेले ग्रॅनाइट कोठून आले? काही शिलावैज्ञानिकांनी तर ग्रॅनाइट वितळल्यावाचून, घन खडकांत आयनांची देवाणघेवाण होऊन बनतो, असे प्रतिपादन केले आणि १९४० नंतरच्या दशकात हा वाद तीव्र झाला. ओ. एफ. टटल व बोएन यांचे या विषयावरील प्रयोग १९५८ साली प्रसिद्ध झाले. पाण्याच्या दाबाखाली ग्रॅनाइटाचे घटक सु. ६५०° ते ७००° से. इतक्या नीच तापमानास वितळतात आणि ग्रॅनाइटांची संघटने याच नीचतम वितळबिंदूच्या आसपास एकवटलेली असतात, असे त्यांवरून दिसून आले. ग्रॅनाइट हा शिलारसापासूनच बनतो आणि त्यातील बराच शिलारस कवचाच्या आंशिक वितळणाने येतो, हे मत त्यामुळे दृढ झाले. याखेरीज वाटेतील खडक वितळवून सामावून घेणे व दोन शिलारसांचे मिश्रण होणे यांमुळेही रसाचे संघटन बदलते.

निवण्याचा वेग व वयन : खडकातील कणांचे आकारमान, आकार व परस्परसंबंध यांस वयन म्हणतात. रस सावकाश निवला, तर थोड्या केंद्रांभोवती मोठे स्फटिक वाढतात व खडक भरडकणी होतो. जलद निवला, तर असंख्य सूक्ष्म स्फटिक होतात आणि फारच जलद निवला, तर स्फटिक न होता काच बनते. निवण्यास लागणारा काळ राशीच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. थंड खडकांत शिरलेली २ मी. जाडीची भित्ती आठवड्या-दोन आठवड्यांत घन होते. तीच २०० मी. जाडीची असल्यास दहा हजार पट, म्हणजे काही शतके लागतात. खोलवर, आधीच तप्त असलेल्या खडकांतील मोठ्या राशींना लक्षावधी वर्षेही लागू शकतात.

रसाचे निवणे दोन टप्प्यांत झाले, म्हणजे आधी खोलवर सावकाश व नंतर पृष्ठावर जलद झाले, तर सूक्ष्मकणी आधारकात मोठे स्फटिक (बृहत्स्फट) विखुरलेले दिसतात. इगतपुरीच्या परिसरातील काही बेसाल्टांत प्लॅजिओक्लेजाचे काही सेंमी. लांबीचे पांढरट स्फटिक काळ्या आधारकात स्पष्ट दिसतात. लाव्हातील वायू निसटताना पोकळ्या राहतात आणि त्या पुढे झिओलाइटे, क्वॉर्ट्झ, कॅल्साइट इ. खनिजांनी भरल्या जातात. पुणे, नासिक व जळगाव या भागांतील अशी खनिजे जगातील संग्रहालयांत मानाने ठेवलेली आहेत. निवताना खडक आकुंचन पावून बहुकोनी स्तंभांत विभागला जातो. मुंबईतील अंधेरीची गिल्बर्ट टेकडी हे त्याचे ठळक उदाहरण होय.

राशींचे प्रकार व वर्गीकरण : शिलारस भूपृष्ठाखालीच घन झाल्यास अंतर्वेशी व पृष्ठावर येऊन घन झाल्यास बहिर्वेशी खडक बनतात. अंतर्वेशी राशींपैकी थरांना छेदून जाणाऱ्या उभट, भिंतीसारख्या राशीस भित्ती, थरांना समांतर शिरलेल्या राशीस शिलापट्ट आणि तळ न दिसणाऱ्या अतिविशाल राशीस बॅथोलिथ म्हणतात. रासायनिक दृष्ट्या सिलिकेचे प्रमाण ४५ टक्क्यांहून कमी असल्यास अत्यल्पसिकत, ४५ ते ५२ टक्के असल्यास अल्पसिकत, ५२ ते ६३ टक्के असल्यास मध्यसिकत व त्याहून अधिक असल्यास अतिसिकत असे वर्ग करतात. संघटन व वयन यांची सांगड घातली म्हणजे खडकांच्या जोड्या मिळतात. गॅब्रो व बेसाल्ट, डायोराइट व अँडेसाइट, ग्रॅनाइट व रायोलाइट या जोड्यांतील पहिला खडक भरडकणी व खोलवर निवलेला, तर दुसरा सूक्ष्मकणी व पृष्ठावर निवलेला असतो. द्रव्य मात्र दोहोंचे जवळजवळ एकच असते.

दक्षिण ट्रॅप : वरील बहुतेक क्रियांच्या खुणा दक्षिण ट्रॅपमध्ये पाहावयास मिळतात. सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी, मुख्यतः दहा लाखांच्या आसपास वर्षांच्या अवधीत, भेगांमधून बेसाल्टी लाव्हाचे एकावर एक पूर आले. आज त्यांनी सु. ५ लाख चौ. किमी. क्षेत्र व्यापलेले असून पश्चिम घाटात त्यांची एकूण जाडी २,००० मी.हून अधिक आहे. काही लाव्हा पूर्वेस राजमहेंद्रीपर्यंत पोहोचले होते. धुळे-नंदुरबार भागातील व कोकणातील भित्तींच्या रांगा म्हणजे रसाच्या वाटा होत. या बेसाल्टांत मॅग्नेशियम प्रावरणातून नुकत्याच निघालेल्या रसात असावे त्यापेक्षा बरेच कमी आहे. अर्थात पृष्ठावर येण्यापूर्वीच त्यातील ऑलिव्हीन वाटेत वेगळे झाले होते. महाबळेश्वरजवळील आंबेनळी घाटावरून नाव मिळालेल्या गटातील बेसाल्टांची स्ट्राँशियमाची समस्थानिके प्रावरणाशी जुळतात. बुशे गटातील बेसाल्टांत मात्र ती कवचातील जुने खडक सामावून घेतल्याचे दर्शवितात. सौराष्ट्रातील गिरनार पर्वतात गॅब्रोपासून सायेनाइटापर्यंतचे खडक एकत्र आढळतात, तर पावागढ व मुंबई येथे रायोलाइटही आहेत. याच कालखंडाच्या सुमारास डायनोसॉर नष्ट झाले. त्यास अशनिपात किती व या उद्रेकांतील वायू किती कारणीभूत झाले, याविषयी संशोधकांत एकमत नाही.

व्यावहारिक महत्त्व : प्रत्येक लाव्हा-प्रवाहाचा मधला भाग सावकाश निवून घट्ट होतो, तर वरच्या भागात वायूंच्या पोकळ्या राहतात. विहीर खणणारे पहिल्यास काळा पाषाण व दुसऱ्यास मांजऱ्या म्हणतात. घट्ट पाषाणात भेगा नसतील, तर पाणी जवळजवळ नसते. पोकळ्या असलेला, कुजलेला भाग व सांधे यांतच ते साठते. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन विहिरींपैकी एकीस भरपूर पाणी व दुसरी कोरडी, असे घडते. तेथील प्रवाहांचा क्रम व त्यांची जाडी ठाऊक असल्यास असा वृथा खर्च बऱ्याच अंशी टळू शकतो. धरणाचा पाया व बोगदा यांसाठी याउलट घट्ट भागच हितकर असतो. दोन प्रवाहांमधील तांबडे, मातकट थर पाण्याने मऊ पडत असल्यामुळे त्यांची आगाऊ पाहणी अत्यावश्यक असते. वेरूळ व अजिंठा येथील लेणीही बेसाल्टाच्या प्रवाहांतच कोरलेली आहेत.

महाराष्ट्रात भूकंप झाला किंवा कोकणात उन्हाळे दिसले म्हणजे खाली अद्याप शिलारस आहे, असा तर्क कधीकधी केला जातो. त्यास आधार नाही. कोयना परिसरात खोदलेल्या छिद्रात सु. ९३० मी. व किल्लारी येथे सु. ३४० मी. बेसाल्ट ओलांडल्यावर खाली प्राचीन, घन, ग्रॅनाइटी व पट्टिताश्मी खडक लागले. १९६७ व १९९३ सालचे भूकंप कवचातील विभंगांवर झालेल्या हालचालींमुळे घडले. उन्हाळ्यांचे पाणी भेगांतून खोलवर जाऊन तापून परत आलेले पावसाचेच पाणी आहे. खोलीबरोबर तापमान दर किलोमीटरला सु. २५° ते ३०° से. वाढत असल्याने त्यासाठी शिलारसाची आवश्यकता नसते. दक्षिण ट्रॅपला जन्म देणारा शिलारस कोट्यवधी वर्षांपूर्वीच निवून गेला आहे. त्याच्या निवण्याचा इतिहास मात्र खडकांच्या कणांत, पोकळ्यांत व सांध्यांत टिकून आहे.